‘हलकं खा, जपून राहा’ : एका सल्ल्याची समीक्षा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पुढच्या रांगांत बरेचसे पांढरे केस दिसताहेत आणि मागे त्यांची मुलं-सुना. आजचं बोलणं दोघांसाठी आहे. खरं सांगायचं तर मागच्या रांगांसाठी थोडं जास्तच आहे.

आधी एक खुलासा करते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मराठीत आरोग्यावर जे छापलं जातं, म्हणजे पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख, ज्येष्ठांसाठीच्या पुस्तिका, ते वाचायचं आणि त्यावर लिहायचं हे माझं काम. कादंबरीची समीक्षा आपण करतो, नाटकाची करतो. पण घरोघरी पाळला जाणारा एखादा सल्ला मात्र कुणी तपासून बघत नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा लटकत राहतो.

उतारवयासाठीची कुठलीही पुस्तिका उघडा. पहिलं पान साधारण सारखंच असतं. साखर कमी, मीठ कमी, तेल-तूप कमी, भात कमी, रात्रीचं जेवण हलकं. शेवटच्या पानावर व्यायाम : रोज अर्धा तास चाला, प्राणायाम करा. आणि मध्ये कुठेतरी : जड उचलू नका, जमिनीवर बसू नका, जिने टाळा, जपून राहा. एका पुस्तिकेत ‘कमी’ आणि ‘नको’ हे दोन शब्द किती वेळा येतात ते मी मोजायला घेतलं होतं. दुसऱ्या पानावर नाद सोडला. (हशा)

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात फारसं वावगं नाही. मीठ कमीच हवं. मधुमेह असेल तर साखर सांभाळायलाच हवी. चालणं तर चांगलंच. माझा आक्षेप बेरजेवर आहे. सगळं एकत्र करून एक माणूस दहा वर्षं तंतोतंत पाळत राहिला, तर त्याचं काय होतं?

मी हे घरात पाहिलंय, म्हणून सांगते.

माझी आई सत्तरीत होती तेव्हा तिच्या फ्रिजवर एक यादी चिकटवलेली होती. काय खायचं, काय नाही. तिला ती पाठ होती. कुठल्या फळात साखर किती, कुठलं तेल बरं, सगळं ती सांगायची. सकाळी पाऊण तास चालायची. कुणी प्रश्नपत्रिका दिली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळवले असते तिने. एका वर्षात तिचं वजन पाचएक किलो उतरलं आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. ‘काय छान बारीक झालीस!’ त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी ती पाटावर बसली आणि तिला उठता येईना. दोघींनी हात धरून उठवलं, सगळे हसलो, आणि पुढच्या वर्षीपासून तिच्यासाठी खुर्ची आणली. दीड वर्षाने ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

फ्रिजवरची ती यादी माझ्या अक्षरात होती.

तेव्हा मी आज दुसऱ्या कुणावर टीका करायला उभी नाही. असली पुस्तकं वाचून ‘उपयुक्त’ म्हणून शिफारस करणाऱ्यांत मीही होते.

आता हा सल्ला आला कुठून ते पाहू. तो मुळात पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाचा सल्ला आहे. पोट सुटलंय, रक्तदाब चढतोय, साखर काठावर आहे, अशा माणसाने कमी खावं, वजन उतरवावं, चालावं. त्या वयात ते बरोबर. पण आपण तोच कागद पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात देतो आणि वर त्याला आपल्या संस्काराची जोड देतो. ‘आता वय झालं, काय खायचंय?’ आपल्याकडे उतारवयात जिभेवर ताबा असणं हे शहाणपणाचं लक्षण. म्हाताऱ्या माणसाने दुसरी पोळी मागितली तर आपण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

पंचाहत्तरीत मात्र हिशेब उलटतो. २००१ साली लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातला जर्जरपणा ओळखण्याच्या पाच खुणा मांडल्या. आपोआप वजन घटणं, सतत थकवा, हाताच्या पकडीतला जोर कमी होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचांपैकी तीन असतील तर माणूस जर्जर समजायचा. पहिली खूण बघा. वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोच्या वर वजन जाणं. आम्ही जिचं कौतुक केलं तीच ही खूण. आई वजन उतरवायला बसली नव्हती. ती फक्त आमची यादी पाळत होती आणि तिची भूक मरत होती.

जे उतरतं त्यात चरबी असते, तसे स्नायूही असतात. वयाबरोबर स्नायू झिजतात हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं, पण त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव नव्हतं. अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन पोषणतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेतून घेतलेला, अर्थ साधा : मांस घटणं. नाव नसेल तर त्या गोष्टीची कुणी तपासणी करत नाही. आजही साखरेचा, कोलेस्टेरॉलचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असतो. मांडीत जोर किती उरलाय हे कुणी विचारत नाही.

मग प्रश्न येतो, झिजलेलं परत येतं का? ‘या वयात आता काय होणार’ हे आपलं ठरलेलं उत्तर. त्यावर दोन प्रयोग सांगते, दोन्ही बॉस्टनचे, मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांचे. १९९० साली त्यांनी वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची दहा माणसं निवडली आणि आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हलका नव्हे, चांगला जोर लागेल असा, हळूहळू वाढवत नेलेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

दुसरा प्रयोग १९९४ चा, आणि आपल्या विषयाला तो जास्त जवळचा आहे. शंभर वृद्ध, सरासरी वय ८७. चार गट केले. एकाला व्यायाम, एकाला पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती, चालण्याचा वेग वाढला होता, जिना चढण्याची शक्ती वाढली होती. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. आणि एक गंमत अशी, की पेय मिळूनही बसून राहणाऱ्यांचा दिवसभराचा आहार काही वाढला नाही. पेय घेतलं, तेवढं जेवण कमी झालं. व्यायाम आणि पेय दोन्ही मिळालेल्यांचा आहार मात्र खरोखर वाढला. म्हणजे आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना आपण पावडरीचा डबा नेतो ना, तो डबा एकटा फारसं काही करत नाही.

आता चालण्याकडे येते. इथे काही मंडळी रागावतील, कारण चालणं आपल्याला प्रिय. चाला, जरूर चाला. हृदयाला बरं, मनाला बरं, चार माणसं भेटतात. पण पाटावरून उठायला, बसच्या पायरीवर चढायला, तोल गेला तर सावरायला जो जोर लागतो तो सपाट रस्त्यावर चालून पुरेसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात पासष्टीच्या पुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर देणारा व्यायाम. आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या हालचाली. आपल्या पुस्तिकांत यातली पहिली तेवढी पोहोचली. उरलेल्या दोन वाटेतच गळाल्या आणि त्यांच्या जागी ‘जपून राहा’ आलं.

पूर्वी हा जोर जगण्यातच लागायचा. जातं, उखळ, विहिरीचं पाणी, उकिडवं बसणं, जमिनीवर जेवण. मी ते दिवस परत आणा म्हणत नाही. त्यात बायकांच्या कमरा मोडल्या. पण एकेक गोष्ट जात असताना तिच्यासोबत शरीराचं कुठलं काम गेलं याची नोंद कुणी ठेवली नाही. आम्ही आईसाठी खुर्ची आणली तेव्हा तिचं उठणं-बसणं, उरलंसुरलं, तेही थांबवलं.

जरा एक करून बघू. ज्यांना चक्कर येत नाही, छातीत दुखत नाही, त्यांनीच. शेजारी कुणीतरी असू दे. हात छातीवर घडी घालून ठेवा. आता हाताचा आधार न घेता उठा आणि बसा. मी तीस सेकंद मोजते.

(श्रोते उठून-बसून पाहतात.)

बसा. ही साधी चाचणी जगभर वापरतात. अमेरिकेच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा उठता आलं, तर पडण्याचा धोका जास्त मानतात. आकडा तिकडच्या लोकांचा आहे, अंदाजापुरता धरा. पण घरी महिन्यातून एकदा करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. साखरेच्या आकड्याशेजारी हाही असू दे. आणि हीच चाचणी व्यायामही आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने वृद्धांसाठी घरी करायचा एक कार्यक्रम तयार केला. पायाला थोडं वजन बांधून पाय उचलणं, टाचांवर चालणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, असल्याच गोष्टी. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं.

आता ताट. आईचं ताट आठवते. सकाळी चहा, दोन बिस्किटं. दुपारी एक पोळी, भाजी, दोन घास भात आणि पातळ वरण. संध्याकाळी चहा. रात्री मऊ खिचडी किंवा भाकरी-दूध. मी नंतर बसून हिशेब केला. प्रथिनं जेमतेम तीस ग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला ज्येष्ठांच्या पोषणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ पन्नास ते साठ ग्रॅम सांगतात, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. तरुणापेक्षा जास्त, कारण वयस्कर स्नायू तेवढ्याच प्रथिनाला कमी दाद देतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, तिथे आपल्या डॉक्टरांचंच ऐकायचं.

यासाठी महागडं काही लागत नाही. वरण पातळ न करता घट्ट करा. पिठलं करा. मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ मऊ शिजवा. रोज वाटीभर दही. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, चावत नसतील तर कूट करून भाजीत घाला. खात असाल तर एका अंड्यात सहा ग्रॅम. कोकणातल्या माणसाला मासे सोडायला सांगू नका.

आणि दात बघा. पुष्कळ म्हातारी माणसं ‘हलकं’ खातात ती पथ्य म्हणून नाही, तर चावता येत नाही म्हणून. ते सांगायची लाज वाटते, मग ‘मला आता जडच जात नाही’ असं म्हणतात. आपण ते वैराग्य समजतो.

ज्येष्ठांना आरोग्याचं ज्ञान किती आहे हे मोजायला प्रश्नावल्या काढतात. मीठ वाईट का, व्यायाम किती करावा. गुण देतात. माझं म्हणणं, ती प्रश्नावली घरात दुसऱ्या कुणाला तरी द्या. कारण वरण किती घट्ट करायचं हे आजोबा ठरवत नाहीत. एकट्या राहणाऱ्या आजी ‘एकटीसाठी काय करायचं’ म्हणून चहात पाव बुडवून झोपतात, तेव्हा त्यांना माहिती कमी पडलेली नसते, सोबत कमी पडलेली असते. आणि ‘आई, तू राहू दे, मी उचलते’ असं जे आपण प्रेमाने म्हणतो, त्याची तर कुठल्याच प्रश्नावलीत नोंद नाही.

आई नंतर दोन वर्षं होती. फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, ती आईला पलंगाच्या कडेवरून उठबस करायला लावायची. पहिल्या आठवड्यात एकदा, महिन्याने पाच वेळा. वॉकर सुटला नाही. पण न्हाणीघरात एकटी जायला लागली, आणि तिला तेवढंच हवं होतं. एक दिवस तिने विचारलं, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ मी काय सांगणार? मला माहीत नव्हतं असं नाही. हे प्रयोग तेव्हाही छापलेले होते. मी ते तरुण खेळाडूंसाठीचे म्हणून पुढे ढकलले होते.

वेळ संपत आलीय. एक प्रश्न घेते.

श्रोता : माझे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले झीज आहे. मग उठबस करू की नको?

झीज असली तरी मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग मानतात. उंच खुर्चीपासून सुरू करा, खाली उशी ठेवून आणखी उंच करा. हाताचा आधार घ्या, मग कमी करत न्या. गुडघा सुजला, दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर थांबा आणि दाखवा. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. आणि तुमच्या शेजारी बसलेत ते चिरंजीव ना? मघाशी तुम्ही उठताना त्यांनी लगेच हात पुढे केला. पुढच्या वेळी त्यांनी जवळ उभं राहावं, हात तयार ठेवावा, पण पुढे करू नये.