एक कंठ, अनेक माणसे

पुस्तक वाचणे आणि पुस्तक ऐकणे या दोन क्रिया एक नव्हेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ऐकणे ही कमी प्रतीची क्रिया आहे, हे मान्य नाही. आपल्या परंपरेत शब्द आधी कानी पडला, मग डोळ्यांपुढे आला. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले खरे, पण गोव्यातील चर्चमध्ये जमणाऱ्या भाविकांनी त्याच्या ओव्या ऐकल्या त्या दुसऱ्याच्या मुखातून. आयर्लंडची गोष्टही फारशी निराळी नाही. ग्रेट ब्लास्केट बेटावर राहिलेल्या पेग सेअर्स या स्त्रीचे आत्मचरित्र १९३६ साली प्रसिद्ध झाले. तिला आयरिश भाषा लिहिता येत नव्हती. तिने आपले आयुष्य मुलाला तोंडी सांगितले आणि त्याने ते उतरून घेतले. तेव्हा आयरिश जीवनकथा आज श्राव्य पुस्तकांच्या रूपाने पुन्हा कानांकडे वळल्या आहेत, यात नवल ते काय?

प्रश्न निराळा आहे. श्राव्य पुस्तकात बहुधा एकच अभिवाचक आरंभापासून अखेरपर्यंत बोलतो. बाई तोच, बुवा तोच. पोलीस तोच आणि संशयितही तोच. हा सारा संसार एका कंठात मावतो काय? स्टीफन होगन या आयरिश नटाने अभिवाचन केलेली दोन पुस्तके आम्ही लागोपाठ ऐकली: जॉन बॉइन यांची ‘द हार्ट्स इन्व्हिजिबल फ्युरीज’ (२०१७) ही कल्पित जीवनकथा आणि टॅना फ्रेंच यांची ‘ब्रोकन हार्बर’ (२०१२) ही रहस्यकथा. प्रत्येकीची लांबी वीस तासांच्या आसपास. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करण्यास सवड भरपूर मिळाली.

पहिल्या पुस्तकाचा आरंभ कोणाही धर्मगुरूला अस्वस्थ करणारा आहे. साल १९४५. वेस्ट कॉर्कमधील गोलीन हे गाव. रविवारची मिस्सा चालू असता फादर जेम्स मन्रो हे कॅथरिन गॉगिन या सोळा वर्षांच्या गर्भवती मुलीला वेदीपुढे बोलावतात, तिच्या घरच्यांच्या आणि साऱ्या गावाच्या देखत तिची निर्भर्त्सना करतात आणि तिला चर्चबाहेर हाकलतात. याच धर्मगुरूंना दोन निरनिराळ्या स्त्रियांपासून दोन मुले झालेली आहेत, हे लेखक पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो.

आता हा प्रसंग सांगतो कोण? तर त्या मुलीच्या पोटातील बाळ. सिरिल हाच कथेचा निवेदक आणि त्याचा जन्म अजून व्हावयाचा आहे. स्वतः न पाहिलेला आईचा अपमान तो ‘मी’ म्हणून सांगतो. छापील पानावर ही गोष्ट आपण लक्षात घेतो आणि विसरतोही. कानाला ती विसरता येत नाही. फादर मन्रो यांचा आवाज हा मुळात सिरिलच्या आवाजातून उमटलेला आवाज आहे. धर्मगुरू गरजतात ते मुलाच्या गळ्यातून. येथे दुसरा नट आणून फादरांचे संवाद त्याच्या तोंडी घातले असते, तर ते एक स्वतंत्र पात्र झाले असते आणि आपण सुखाने त्यांचा तिरस्कार करू शकलो असतो. एकाच कंठामुळे तसे होत नाही. ज्याला त्यांनी जन्माआधीच चर्चबाहेर घालवले, त्याच्याच स्वरात त्यांना आपले प्रवचन पुरे करावे लागते. बॉइन यांच्या रचनेतील हा न्याय आम्हांस कळला तो ऐकताना.

झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त आपण तीन आवाजांत वाटून वाचतो, हे या संदर्भात आठवते. ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरूकडे, निवेदन दुसऱ्याकडे, इतरांचे बोलणे तिसऱ्याकडे. आणि अनेक ठिकाणी जमावाची आरोळी सर्व भाविकांच्या तोंडी. ती वाटणी सहेतुक आहे. आपण प्रेक्षक नाही, त्या जमावातले आहोत, हे तिने ठसते. श्राव्य पुस्तकाचा मार्ग याच्या उलट. तेथे जमावही एकट्यानेच व्हायचे असते. पण दोन्हींचा परिणाम एकाच जागी येऊन पोचतो: पाप करणारा कोणी परका आहे, ही समजूत टिकत नाही.

आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांत असा सूर ऐकू येतो की, असली पुस्तके चर्चची निंदा करतात, ती घरात वाजू नयेत. लहान मुलांपुढे ती वाजू नयेत, हे आम्हीही म्हणू. सिरिल समलिंगी आहे आणि कथेत मोकळेपणा पुष्कळ आहे. पण निंदेचे म्हणाल तर, मॅग्डलीन लाँड्रींमध्ये डांबलेल्या स्त्रियांची २०१३ साली पंतप्रधान एन्डा केनी यांनी आयर्लंडच्या संसदेत क्षमा मागितली, ती कादंबरी वाचून नव्हे. समलिंगी संबंध त्या देशात १९९३ पर्यंत गुन्हा होते. त्या काळाचा धाक सिरिलच्या अर्ध्या आयुष्यावर पसरला आहे. आमची तक्रार निराळी आहे. बॉइन यांनी उपहासाचा हात सैल सोडला आहे. त्यांचे धर्मगुरू बहुतेक एकाच रंगाचे आहेत. सिरिलला दत्तक घेणारे एव्हरी दांपत्य जितके विक्षिप्त तितकेच जिवंत आहे. ती उदारता लेखकाने झग्यातील माणसाला दाखवली नाही. कोणताही अभिवाचक ही उणीव भरून काढू शकणार नाही.

एका कंठाचा दुसरा लाभ काळाचा. कथा सात सात वर्षांच्या टप्प्यांनी २०१५ पर्यंत येते. सात वर्षांचा सिरिल आणि सत्तरीतला सिरिल एकाच आवाजात भेटतात, आणि म्हातारा आपले बालपण सांगत आहे हे भान सुटत नाही. येथे फ्रँक मॅकोर्ट यांची आठवण होते. त्यांनी ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ (१९९६) हे लिमरिकमधील दारिद्र्याचे आत्मचरित्र स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित केले. तेथे अभिवाचक आणि निवेदक यांत अंतरच उरत नाही. होगन यांना ते अंतर राखावे लागते.

रहस्यकथेचे मात्र असे नाही. ‘ब्रोकन हार्बर’मध्ये डब्लिनच्या उत्तरेस समुद्रकाठी एक वसाहत आहे. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर बांधकाम अर्धवट टाकून बिल्डर निघून गेले आहेत. त्या ओसाड घरांपैकी एकात पॅट स्पेन आणि त्याची दोन मुले मृत सापडतात. पत्नी जेनी मरणाच्या दारात. भिंतींना भोके पाडलेली आणि जागोजागी मुलांवर लक्ष ठेवण्याची यंत्रे. तपास करणारा मिक केनेडी हाच निवेदक. नियम पाळले, स्वतःवर ताबा ठेवला की अनर्थ दूर राहतो, अशी त्याची श्रद्धा. नोकरी गेलेल्या पॅटच्या घरात ती श्रद्धा हळूहळू तडकते. सुरक्षित घर, हप्ते, शेजाऱ्यांपुढे राखलेली शान: वसईपासून दुबईपर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांना यातील कोणती गोष्ट अनोळखी आहे?

पण येथे एकाच कंठाची अडचण जाणवते. सिरिलबरोबर वीस तास घालवल्यावर तोच आवाज केनेडीच्या नावाने बोलू लागला, तेव्हा आम्ही त्याच्यावर लगेच विश्वास टाकला. रहस्यकथेत हा विश्वास महाग पडतो. केनेडी स्वतःविषयी जे सांगतो ते तपासून घ्यावे, अशी लेखिकेची अपेक्षा आहे. ओळखीच्या आवाजाला उलटतपासणी करणे जड जाते. शिवाय ऐकताना मागे जाऊन एखादा दुवा पडताळणे कटकटीचे. काही मंडळी दीडपट वेगाने ऐकतात म्हणे! केनेडी चौकशीच्या खोलीत समोरच्या माणसाला मुद्दाम गप्प बसू देतो, त्या शांततेचे मग काय होत असेल, देव जाणे.

टॅना फ्रेंच यांच्या या मालिकेत दर पुस्तकाचा निवेदक वेगळा असतो आणि बहुतेक वेळा अभिवाचकही बदलतो. ती योजना आम्हांस योग्य वाटते. २०१४ च्या ‘द सीक्रेट प्लेस’मध्ये तर होगन यांच्या जोडीला लारा हचिन्सन आहेत: तपास त्यांच्या आवाजात, शाळेतील मुलींचे जग तिच्या आवाजात. त्या मुली आपसांत जे जपतात ते तपासणाऱ्या पुरुषाच्या कानी पडत नाही, आणि दोन कंठांमुळे ती भिंत ऐकूच येते. ज्यांना तिघांतून एकच ऐकायचे असेल त्यांनी मात्र गोलीनच्या चर्चपासून आरंभ करावा, आणि तेही चालत्या गाडीत नव्हे.