सिबिलचे घोटे

‘डाउनटन ॲबी’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात (२०१२) सिबिलच्या बाळंतपणाचा भाग आहे. पटकथाकार ज्युलियन फेलोज यांनी त्यात काहीच लपवलेलं नाही, हे त्यांचं पहिलं कसब. काळ १९२०. गावचे डॉक्टर क्लार्कसन एकेक खूण उघड मांडतात: घोटे सुजलेत, बाळ लहान आहे, पोरगी असंबद्ध बोलतेय, लघवीत अल्ब्युमिन आहे. लंडनहून मुद्दाम बोलावलेले सर फिलिप टॅप्सेल यावर म्हणतात, असतील तिचे घोटेच जाड! त्या एका शेऱ्यात अख्खा माणूस उभा राहतो.

सिबिलचा बाप, लॉर्ड ग्रँथम, सिझेरियन करा म्हणणाऱ्या क्लार्कसनचं ऐकत नाही. थोरला जावई मॅथ्यू पुन्हा चालणार नाही, असं याच डॉक्टरने सांगितलं होतं आणि मॅथ्यू चालला. नवरा टॉम विचारतो, सिझेरियन केलं तर वाचवाल, शपथ घ्याल? प्रामाणिक डॉक्टरला शपथ घेता येत नाही. टॅप्सेलची जीभ मात्र कुठे अडखळत नाही.

मग मुलगी होते. सुटलो म्हणत घर झोपायला जातं, आपणही सैलावतो, आणि या भागाचा खरा डाव इथेच आहे. बाळंतपण उरकलं की धोका टळला, हा समज काही त्या हवेलीपुरता नाही. क्लार्कसनला भीती होती ती आकडी (एक्लॅम्प्सिया) प्रसूतीनंतरही येते. रात्री सिबिलचं डोकं असह्य दुखू लागतं. चढलेल्या रक्तदाबापुढे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आवर सुटतो, पाणी झिरपून मेंदू सुजतो. ही डोकेदुखी त्याची वर्दी. आकडी येते, दोन्ही डॉक्टर हात टेकतात, सिबिल जाते. मॉर्फिन, क्लोरोफॉर्म तेव्हा होतं, पण खात्रीचा इलाज नव्हता. लॅझार्ड या डॉक्टरने आकडीवर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून दिल्याचा अनुभव मांडला तो १९२५ साली. ते डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा सरस, हा निर्वाळा मिळायला १९९५ उजाडलं. आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याची मात्रा उतरवली, तीच ‘धुळे रेजिम’.

एका ठिकाणी मात्र फेलोज कमी पडतात. टॅप्सेल फारच पोकळ रंगवलाय. त्या काळी सिझेरियनही जिवावरचंच होतं, म्हणजे थांबा म्हणणाऱ्यालाही बाजू होती. ती त्याच्या तोंडी असती तर टॉमचा पेच आणखी बोचला असता. ती बाजू पुढे येते, पण क्लार्कसनच्या तोंडून: आजी व्हायोलेटच्या गळ घालण्यावरून, या मृत्यूने एकमेकांपासून दुरावलेल्या सिबिलच्या आईबापांसाठी. सिबिल वाचण्याची शक्यता फार थोडी होती, असं तो सांगतो. त्यातलं खरं किती आणि सोयीचं किती, हे फेलोज शेवटपर्यंत सांगत नाहीत.