सोवळं, पाणी आणि परका देव

ख्रिस्ती प्रचारकांचा काही लोकांना एवढा राग का येतो, हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही. बीदर-कलबुर्गीकडं मेथडिस्ट मिशन निजामाच्या राज्यापासून आहे. त्यांचं चर्च, शाळा, दवाखाना हे सगळं इथल्या माणसांच्या रोजच्या बघण्यातलं. तरी कुणी पत्रकं घेऊन गल्लीत आलं की दारं लागतात आणि मागं कुजबुज सुरू होते. विचारलं तर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "पैसे देऊन बाटवतात." दुसरा म्हणतो, "ते सेवा करतात, तुम्हांला पोटशूळ उठतो." दोन्ही उत्तरं इतकी घाईची आहेत की रागाचं मूळ कुठं आहे ते कळतच नाही.

मला ते मूळ एका जुन्या पुस्तकात सापडलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आपण बायका हे पुस्तक त्यातल्या विनोदासाठी वाचतो, विसराळू नवऱ्याच्या गमती एकमेकींना सांगतो. पण धर्म बदलल्याचा राग कसा येतो, किती दिवस टिकतो आणि कशानं उतरतो, हे आतून सांगणारं याच्याइतकं खरं पुस्तक मराठीत मला दुसरं दिसलं नाही. कारण लिहिणारी बाई आधी रागावलेल्यांच्या बाजूला होती आणि नंतर ज्यांच्यावर राग होता त्यांच्यात गेली. दोन्हीकडची चूल तिनं पेटवली आहे.

थोडी हकिकत सांगते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. वडिलांना सोवळ्याचं वेड. मिठासाखरेलाही पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळक कवी, पंडित, एका जागी न टिकणारे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा नातलगांत, पदरात लहानगा दत्तू. पुढं चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या अहमदनगरला नवऱ्याकडं गेल्या, पण आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

आता यातला राग नीट बघा. लक्ष्मीबाईंना येशूचा राग आलेला दिसत नाही. तो कोण, काय, हे त्यांना तेव्हा फारसं ठाऊकही नव्हतं. दुःख होतं ते एवढंच, की आपल्या संसाराचा एवढा मोठा निर्णय झाला आणि त्यात आपल्याला कुणी धरलं नाही. नवऱ्यानं सत्य शोधलं म्हणायचं, आणि बायकोनं मात्र जिवंत नवऱ्याच्या विरहात नातेवाइकांच्या दारी दिवस काढायचे. त्या काळात धर्म बदलणं म्हणजे जेवणाची पंगत, पाण्याचा माठ, मुलांची लग्नं, मरणानंतरचे चार खांदे हे सगळं एका दिवसात तुटणं. प्रचारक म्हणतो, "मी फक्त तुझ्या आत्म्याशी बोलतो आहे." पण आपल्याकडं आत्मा एकटा राहत नाही हो. तो सासू, नणंद, जावा यांच्या घरात राहतो. एकाच्या आत्म्याशी बोललेलं दहा जणांना भोगावं लागतं, आणि त्या दहांना कुणी विचारलेलं नसतं. रागाचं पहिलं मूळ हे.

तो राग उतरला कशानं? इथं हे पुस्तक मोलाचं आहे. कुणा साहेबाच्या व्याख्यानानं किंवा वादात हरून तो उतरला नाही. नगरला गेल्यावर त्यांची वेगळी चूल चालू दिली गेली. त्यांनी आजूबाजूची माणसं बघितली, त्यांच्याशी भांडल्या, हसल्या. मग जातिभेद माणसानं केलेला आहे, देवानं नव्हे, हे त्यांचं त्यांनाच विचार करता करता पटलं. ज्या बाईचं बालपण सोवळ्यात करपलं, तिच्या मनातून सोवळं गेलं ते तिच्याच हातानं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. टिळकांनी पत्रांतून, बोलण्यातून पुष्कळ समजावलं असेल, पण शेवटी उपयोगी पडली ती पाच वर्षांची सवड. बाईला वेळ दिला की ती विचार करते. सक्ती केली की हट्ट धरते. हे आपल्याला कुणी सांगायला नको.

याच्या शेजारी बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' ठेवून बघा. पदमनजी आपल्या सीमाभागातले, जन्म बेळगावचा. १८५७ सालचं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, जागोजागी विधवांचे हाल बघते. ते हाल खोटे नाहीत. केशवपन, उपासमार, घरातल्यांची वाईट नजर, हे सगळं आपल्या पणज्यांनी सोसलेलं आहे, आणि ते छापून उघड्यावर आणण्याचं धाडस पदमनजींनी केलं याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण वाचताना मला सारखं खटकतं, की प्रत्येक दुःखाचा शेवट आधीच ठरलेला आहे. विधवा येते, रडते, आणि तिचं रडणं हिंदू धर्माविरुद्धचा पुरावा म्हणून नोंदलं जातं. ती बाई संध्याकाळी काय खाईल, कशाला हसेल, कुणावर चिडेल, याला पानच नाही. दुःख आमचं आणि निकाल त्यांचा, असं होतं. 'स्मृतिचित्रे'तली माणसं पुरावा म्हणून येत नाहीत, माणसं म्हणून येतात. म्हणून 'यमुनापर्यटन' आज अभ्यासासाठी वाचतात आणि 'स्मृतिचित्रे' आवडीनं.

हा फरक पुस्तकापुरता नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या यजमानांचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तेव्हा दोन बाया तिच्याकडं यायला लागल्या. बोलायला गोड. "अक्का, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणाल्या. तिनं बसायला पाट दिला, चहा केला. तिसऱ्या खेपेला त्यांतली एक भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट करून म्हणाली, "यांनी इतके दिवस काय दिलं तुम्हांला?" ती बाई मला नंतर म्हणाली, "काकू, प्रार्थना केली त्याचं मला बरंच वाटलं होतं. पण त्या बोटाचा राग आला." मला वाटतं, रागाचं दुसरं मूळ या वाक्यात आहे. अडल्या वेळी मदतीचा हात पुढं येतो, आणि त्याच हाताचं बोट आपल्या देव्हाऱ्याकडं वळतं. मग मदत कुठली आणि मोबदला कुठला, हे कळेनासं होतं.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं पुण्यात असंच काहीसं झालं. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं हे विधवांचं घर पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. इथं कुणाला ख्रिस्ती केलं जाणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार पाठीशी उभे राहिले. रमाबाई म्हणत, मी माझ्या घरात दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलतही नाही. पण मुली तिथं येऊन बसायला लागल्या, 'केसरी'नं झोड उठवली, आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. चूक कुणाची, यावर आजही वाद होतात. मला दोन्ही बाजू दिसतात. ज्या मुलींना घरात कुणी माणूस म्हणून बघत नव्हतं, त्या प्रेमानं वागवणाऱ्या बाईच्या देवाकडं वळल्या तर नवल ते काय? आणि ज्या बापानं शब्दावर विसंबून मुलगी पाठवली, त्याला फसल्यासारखं वाटलं तर तेही खोटं नाही. मात्र परत नेलेल्या मुलींचं पुढं काय झालं, हे विचारायला त्या रागावलेल्यांतले किती जण गेले असतील?

रमाबाईंची आणखी एक गोष्ट सांगायची राहते. त्या स्वतः ख्रिस्ती, तरी त्यांनाही हाच राग आला होता. इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांतून तो दिसतो. चर्च सांगेल ते सगळं मान्य करायचं, हे त्यांना पटेना. एका पुरोहितांच्या जोखडातून सुटले, ती दुसऱ्यांच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांचा रोख होता. म्हणजे हा राग हिंदूचा ख्रिस्त्यावर किंवा जैनाचा परक्यावर एवढाच नसतो. "तुझ्या भल्याचं तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं," या सुराचा तो राग आहे. तो सूर सासूचा असला तरी आपल्याला सोसत नाही.

आता दुसरी बाजू मांडते, नाहीतर लिहिणं अर्धवट राहील. आमच्याकडचे बहुतेक ख्रिस्ती दलित घरांतून आलेले. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं, त्यांना मिशननं पाटी-पेन्सिल दिली आणि बाकावर बसवलं. त्यांच्या धर्मांतराचा राग ज्यांना आला, त्यांतल्या कितींना खरोखर देवाची काळजी होती, आणि कितींना उद्या गोठा कोण झाडणार याची? असा राग धर्माच्या नावानं बोलतो, पण त्याचं मूळ वेठीत असतं. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात बुद्धाला शरण गेले. त्यांच्या दारात कुणी पत्रक टाकलं म्हणून नव्हे. मधली एकवीस वर्षं त्यांनी विचार केला. माणसं निघून जातात तेव्हा "कोण घेऊन गेलं?" हे आपण लगेच विचारतो. "आपण कसं वागवलं?" हे विचारायला जीभ वळत नाही.

कायद्यानंही हा गुंता सुटलेला नाही. आपल्या घटनेत धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदा आला, आणि सरकार बदलल्यावर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घेण्याचं ठरवलं. सरकारं येतील, जातील. दारात उभ्या असलेल्या माणसाशी कसं बोलावं आणि त्यानं आपल्याशी कसं बोलावं, हे कायद्याच्या कलमात मावणारं नाही.

आपण जैन बायकांनी यात स्वतःकडंही बघावं. आमचं मळखेड एके काळी राष्ट्रकूटांची राजधानी होती, अमोघवर्षासारखा राजा जिनसेनाचार्यांना गुरू मानत होता. पुढं बाराव्या शतकात कल्याणला शरणांची चळवळ उभी राहिली, आणि नंतरच्या काळात कर्नाटकातल्या कितीतरी बसद्यांची शिवालयं झाली. आपली माणसं दुसरीकडं जाण्याचं दुःख आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण आपणही दुसऱ्यांची माणसं आपल्याकडं आणली आहेत. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं आठवं अंग 'प्रभावना' आहे, आणि 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याचा अर्थ अज्ञानाचा अंधार दूर करून जिनशासनाचं माहात्म्य प्रकट करणं, असाच सांगितला आहे. म्हणजे समोरच्याच्या घरात अंधार आहे हे आपणही धरून चालतो! मग प्रचार हेच पाप, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही.

मला त्या आठ अंगांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. प्रभावनेच्या आधी सातवं अंग वात्सल्य आहे. शास्त्रात ते साधर्मिकांबद्दल सांगितलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. मी ते थोडं पुढं नेते. ज्याच्याबद्दल वात्सल्य नाही, त्याला उजेड दाखवायला जाऊ नये. आधी त्याच्या घरी बसावं, त्याचं ऐकावं. आणि ऐकताना आपलंच मन बदललं तर बदलू देण्याची तयारी ठेवावी. ही शेवटची तयारी बहुतेक प्रचारकांकडं नसते, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. फक्त देणाराच असतो तो, घेणारा कधी होत नाही. म्हणून त्याचं देणं टोचतं.

'स्मृतिचित्रे'त मला एक उणीव जाणवते. हे एका ब्राह्मण घरातून आलेल्या बाईचं पुस्तक आहे. नगरच्या खेड्यांतल्या महार-मांग ख्रिस्ती बायका त्यात येतात त्या लक्ष्मीबाईंच्या नजरेतून. त्यांना कशाचा राग होता, त्या कशासाठी गेल्या, गेल्यावर काय मिळालं आणि काय नाही, हे त्यांच्या तोंडून येत नाही. तसं पुस्तक आमच्या बीदरकडच्या एखाद्या बाईनं, मराठीत नाहीतर कन्नडात, लिहिलं तर मला ते वाचायचं आहे. त्यात आपल्याबद्दल, आपल्या विहिरींबद्दल आणि पंगतींबद्दल बरंच काही असेल. ते वाचताना आपल्यालाही राग येईल. तेव्हा पुस्तक मिटून न ठेवता पुढचं पान उलटावं.