शिरस्त्राणांवरील बुरशी : प्रचलित उपचारांचें परीक्षण

जुन्या लष्करी शिरस्त्राणांचा व पागोट्यांचा विचार आमच्याकडील इतिहासलेखनांत बहुधा घाट, नक्षी व धातु एवढ्यापुरताच होतो. तीं टिकवावीं कशीं, हा प्रश्न सांभाळणाऱ्या घरांवर सोडून दिला जातो. आणि तेथें पावसाळ्यांत बुरशी दिसली कीं ऊन, तेल, व्हिनेगर व डांबरगोळ्या हे चार उपचार ठरलेले असतात. हे चारही उपचार सदोष आहेत, असें आमचें मत आहे. त्यांनीं वस्तु स्वच्छ दिसते. परंतु तिच्या अंगीं असलेला पुरावा नष्ट होतो.

हिंगोली जिल्ह्यापुरतें पाहतां ही बाब केवळ हौसेची नव्हे. जानेवारी १८१९ मध्यें निजामाच्या, इंग्रज अंमलदारांखालील फौजेनें हटकर नायक नोवसाजी यांच्या गढीला वेढा घातला. त्याच वर्षापासून १९०३ पर्यंत हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या कंटिंजंटचें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. म्हणजे घोडा व बहुतेक सरंजाम स्वाराच्या मालकीचा असे. सबब अशा स्वारांचीं शिरोभूषणें सरकारी शस्त्रागारापेक्षां घरच्या पेटींत राहण्याचा संभव अधिक. १९०३ मध्यें हें दळ हिंदी सैन्यांत विलीन झालें. त्यानंतर घरच्या वस्तूंचा इतिहास कागदांवरून कळणें कठीण. तो घामपट्टीवरील आंकडा, अस्तरावरील नांव, दुरुस्तीचे टांके व पागोट्याच्या घड्या यांवरूनच काढावा लागतो. घासूनपुसून हेंच प्रथम जातें.

उपचारापूर्वीं निदान हवें. पितळी बिल्ला चामड्याला टेकतो तेथें येणारा हिरवा थर बहुधा बुरशी नसतो. चामड्यांतील स्निग्धांश व पितळ यांच्या संयोगानें तो उत्पन्न होतो. चामड्यावरील पांढरें पूटही कित्येकदां आंतून वर आलेली चरबीच असते. भिंगाखालीं तंतु दिसले तर बुरशीचा संशय धरावा. लोखंडी टोपांत बुरशी मुख्यतः आंतल्या गादीवर वाढते. तिला घाम, खळ, सरस व धूळ हें अन्न मिळतें.

आतां उपचारांकडे वळूं. उन्हानें बुरशी सुकते, परंतु तिचे बीजकण मरतीलच असें नाहीं. शिवाय रंग उडतो, आणि मराठवाड्याच्या वैशाखांत चामडें आकसून तडकतें. तेलानें चामडें क्षणभर तुकतुकीत होतें, पण त्यावर धूळ बसते व पुढील बुरशीस खाद्य मिळतें. व्हिनेगर आम्ल असल्यामुळें लोखंड व पितळ खातें. डांबरगोळ्या, कापूर व वेखंड हीं कसरीसारख्या किड्यांवरील औषधें आहेत. बुरशीस त्यांपासून प्रतिबंध होतो असें मानणें चुकीचें आहे. मद्यार्काचा उपाय अलीकडे सुचविला जातो. परंतु लाखेनें ताठ केलेल्या टोपीची लाखच त्यांत विरघळते. भेंडाच्या टोपीला पाणी लावणें तर तिचा आकार घालविण्यासारखें आहे.

मग करावें काय? बुरशीची वस्तु प्रथम कागदांत सैल गुंडाळून इतर वस्तूंपासून वेगळी ठेवावी व पंख्याखालीं नव्हे, तर कोरड्या खोलींत सावकाश सुकूं द्यावी. सुकण्यापूर्वीं घासल्यास बुरशी विणीत शिरते. सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेऊन खुणा नोंदवाव्यात. नंतर तोंडावर एन-९५ मुखवटा व हातांत मोजे घालून मऊ कुंचल्यानें बुरशी हळूच सोडवावी व जाळी लावलेल्या, हेपा गाळणीच्या शोषयंत्रांत ओढून घ्यावी. जुन्या लोकरी व केसांच्या नमद्यांत पारा किंवा सोमल असूं शकतो, हें विसरूं नये. डाग राहिला तर राहूं द्यावा. वस्तु महत्त्वाची असल्यास लखनौच्या, १९७६ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपत्ति संरक्षण अनुसंधानशाळेसारख्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

खरा उपाय हवेचा आहे. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर कांहीं दिवस टिकली म्हणजे बुरशी उगवते. ती शक्य तितकी ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवूं नये, जमिनीवर ठेवूं नये, आणि दमट वस्तु प्लास्टिकांत बांधूं नये. टोपाच्या आंत धुतलेलें, बिनरंगी सुती कापड भरून आकारास आधार द्यावा. सिलिका जेल वापरल्यास तें वेळोवेळीं वाळवावें. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्यास पाहणी करावी.

याउलट चालू रीति वस्तु बिघडल्यावर औषध शोधते आणि खोली तशीच दमट ठेवते. तिचा मोह चकचकीत टोप दाखविण्याचा आहे. संशोधकास चकाकीचा उपयोग नाहीं. त्यास घामपट्टीवरचा पुसट आंकडा पाहिजे. तो एकदां पुसला गेला म्हणजे पुन्हां मिळविण्याचें कोणतेंही साधन उरत नाहीं.