मृत्युलेखातील ‘आम्ही’

टिळकांनी आगरकरांवर लिहिलेला मृत्युलेख वारंवार उद्धृत होतो, पण बहुधा दोन-तीन वाक्यांपुरताच. दोघे जिवलग मित्र होते, पुढे वितुष्ट आले आणि मृत्यूने ते पुसून टाकले, एवढी कथा सांगायला ती वाक्ये पुरतात. आमच्या मते हा लेख त्या कथेहून पुष्कळ मोठा आहे. सहकारी मित्राच्या निधनानंतर काय लिहावे आणि काय लिहू नये, हा प्रश्न ज्यांच्यापुढे कधी उभा राहिला असेल त्यांनी तो मुळातून वाचावा. आमच्यापुढे तो नुकताच उभा राहिला आहे. त्याविषयी पुढे लिहू.

गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी निवर्तले. दम्याने शरीर केव्हाच पोखरले होते; वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तो सोमवार होता आणि ‘केसरी’ मंगळवारी निघे. दुसऱ्याच दिवशीच्या अंकात टिळकांचा मृत्युलेख आला. म्हणजे जुन्या फायली चाळायला, शब्द तोलायला, चार लोकांचा सल्ला घ्यायला अवधीच नव्हता. आपण आज स्मृतिअंक काढतो ते महिना-दोन महिन्यांनी, शोक निवल्यावर. या लेखात शोक निवलेला नाही, आणि तरीही तो कोठे सैल पडत नाही.

पार्श्वभूमी वाचकांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. डेक्कन कॉलेजातील मैत्री, १८८० साली निघालेले न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे आणि कोल्हापूर प्रकरणात झालेली शिक्षा. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. रात्री दोघांचे वादविवाद इतक्या चढ्या आवाजात चालत की पहारेकऱ्यांना येऊन दटावावे लागे, ही त्यातली हकीकत आपल्याकडील जुन्या मंडळींना तोंडपाठ असे. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मार्ग वेगळे झाले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पत्रांनी परस्परांवर जी भाषा वापरली ती आज वाचतानाही बोचते. पुण्यातील सनातन्यांनी तर आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच काढली होती. खऱ्या मृत्यूनंतर ‘केसरी’ काय लिहितो याकडे लोकांचे लक्ष लागले असेल, यात नवल नाही.

आता लेखाकडे वळू. त्यात बोलणारा ‘आम्ही’ आहे. हा संपादकीय ‘आम्ही’ वर्तमानपत्राचा रिवाज म्हणून आपण सोडून देतो. येथे तो सोडून देता येत नाही. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. १८८१ पासून १८८७ पर्यंत त्या पत्राचा ‘आम्ही’ मुख्यतः त्यांच्या हातून उमटला. लेखांखाली सही नसे; वाचकाला दिसे तो एकच आवाज. पुढे तोच आवाज टिळकांकडे आला आणि त्याच आवाजात पूर्वीच्या धन्यावर टीका झाली. १८ जूनच्या अंकात हा ‘आम्ही’ अशा माणसाविषयी बोलतो आहे, जो स्वतः कधी काळी तोच ‘आम्ही’ होता. मराठीतील दुसऱ्या कोणत्याही मृत्युलेखात सर्वनामावर इतका भार पडलेला आमच्या पाहण्यात नाही.

याची जाणीव टिळकांना होती, असे लेखाच्या रचनेवरून दिसते. मृत्यूचे उग्र रूप समोर आले की लहानसहान मतभेद मनातून जातात व जुन्या आठवणी उसळून येतात, असा आरंभीचा आशय आहे. हा भाग सर्वांना माहीत असतो. परंतु तेथे न थांबता टिळक पुढे हिशोब देतात. मूळची स्थिती गरिबीची असताना मिळवलेली विद्या या माणसाने द्रव्यार्जनाकडे न लावता समाजाचे ऋण फेडण्याकडे लावली, हे ते सांगतात. आणि देशी वर्तमानपत्रांना जे महत्त्व आले त्याचे श्रेय बऱ्याच अंशी आगरकरांच्या विद्वत्तेला व मार्मिकतेला देतात. ‘केसरी’ने ‘केसरी’तच, आपल्या पायाचा दगड कोणी बसवला ते छापून टाकले. प्रतिस्पर्धी पत्राच्या संपादकाविषयी हे लिहिणे सोपे नव्हते. ‘थोर मनाचा माणूस गेला’ असे कोणालाही लिहिता येते. अमुक काम अमुक माणसाचे, हे सहकाऱ्यालाच लिहिता येते, कारण त्या वेळी खोलीत तोच असतो.

मैत्री कामातून ओळखण्याची ही टिळकांची रीत आपल्या बडोद्याने जवळून पाहिली होती. आदल्याच वर्षी, १८९४ साली, संस्थानच्या सर्व्हे-सेटलमेंट खात्यातील अधिकारी बापट यांच्यावर लाचेच्या आरोपांवरून कमिशन बसले, तेव्हा या मित्राच्या बचावाचे काम टिळकांनी अंगावर घेतले होते. त्या खात्याचे कागद आपल्यापैकी काही घरांच्या पेट्यांत अजून असतील.

लेखाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुधारणेच्या पक्षाचे समर्थन त्यात शोधू नये. ते तेथे नाही. टिळक लेखणीचा गौरव करतात. ती लेखणी ज्यासाठी झिजली त्या गोष्टींना मान तुकवत नाहीत. आमच्या काही वाचकांना हा कोतेपणा वाटेल. आम्हास तसे वाटत नाही. मित्र गेला म्हणून रात्रीतून आपले मत बदलणाऱ्याचा शोक संशयास्पद ठरतो. मात्र एवढे खरे की, केवळ हा लेख वाचणाऱ्याला आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा का निघाली ते उमगणार नाही. त्यासाठी ‘सुधारक’ उघडावा लागतो. मृत्युलेखावर विसंबून माणूस समजून घेऊ नये, हा धडा टिळकांच्या लेखालाही लागू आहे.

वीस वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. तेही सोसायटीतले जुने सहकारी, ‘सुधारक’च्या इंग्रजी बाजूचे लेखक आणि राजकारणातले प्रतिपक्षी. टिळक सिंहगडावरून पुण्यास आले, अंत्यसंस्काराच्या वेळी बोलले, गोखल्यांना हिऱ्याची व रत्नाची उपमा दिली आणि त्यांचे अनुकरण करा, असे लोकांना सांगितले. ते भाषण उदात्त आहे, पण समुदायासाठी आहे. आगरकरांवरील लेखात समुदायाला उपदेश नाही. दोन्हींतून निवड करायची तर आम्ही १८९५ चा लेख निवडू.

आता आपल्याकडे पाहू. करजणसारख्या गावात माणूस गेला की गुजराती दैनिकात बेसण्याची चौकट येते: तारीख, वेळ, पत्ता, नातेवाइकांची नावे. ती आपले काम चोख करते. त्यानंतर आपल्या पत्रिकेत मराठी टिपण येते, आणि त्यात दिवंगत व्यक्ती नेहमीच हसतमुख, मनमिळाऊ, निगर्वी व अजातशत्रू असते, आणि तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होते. गेल्या कित्येक वर्षांच्या अंकांतील टिपणे आम्ही ओळीने वाचली. नावे झाकली तर कोणते कोणाचे हे सांगता येणार नाही. पुण्या-मुंबईत हे चालून जात असेल. तेथे माणसाची नोंद आणखी दहा ठिकाणी राहते. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त आलेल्या आपल्या घराण्यांची गोष्ट निराळी आहे. आजोबांचे मोडी कागद नातवाला लागत नाहीत. नातवाच्या मुलांना बालबोध अक्षरे लागतात, पण ग्रांथिक मराठी कळत नाही. येथील मराठी माणसावर मराठीत लिहिलेले टिपण बहुधा त्याच्यावरचे अखेरचे मराठी लिखाण असते. त्यात ‘अजातशत्रू’ एवढेच उरले तर काहीच उरले नाही.

हे सर्व मनात येण्याचे कारण वाचकांनी ओळखलेच असेल. आमचे सहकारी मित्र पावसाळ्यापूर्वी गेले, आणि त्यांच्यावर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. ते अजातशत्रू नव्हते. १९६२ च्या नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार त्यांनी स्वतःच्या पत्रव्यवहारात अखेरपर्यंत सांभाळले, पण या पत्रिकेची मुद्रिते मात्र नव्या नियमांनीच तपासली, कारण मंडळाचा ठराव तसा होता. वर्गणीचा हिशोब त्यांनी एका आण्याची चूक न होऊ देता ठेवला. (‘आणा’ हा शब्द त्यांचाच.) या पानांचा ‘आम्ही’ अनेक वर्षे त्यांनी लिहिला, त्या काळातील जी अग्रटिपणे वाचकांनी आमची म्हणून वाखाणली, त्यांतील बहुतेक त्यांची आहेत. ते येथे नोंदवून ठेवतो.

आमचा त्यांच्याशी एका गोष्टीवर वाद होता, तोही नोंदवतो. नातवंडांसाठी पत्रिकेत एक पान गुजराती लिपीत, मराठी मजकुराचे द्यावे, असा आमचा आग्रह होता. एकदा लिपी सोडली की भाषा सोडायला पाच वर्षे पुरतात, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत हा विषय तीनदा आला, तिन्ही वेळा आवाज चढले, आणि तिन्ही वेळा चहा त्यांच्याच घरी झाला. आमचे मत आजही तेच आहे. विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर पुन्हा आहे, आणि विरोधी बाजू त्यांच्या शब्दांत मांडण्यासाठी त्यांचे शेवटचे पत्र आम्ही सभेत वाचणार आहोत, अनुस्वारांसह.