वंशावळ आणि मालकी : ‘सेंटेनियल’ या दूरचित्रवाणी मालिकेचा विचार

जेम्स मिचनर यांच्या १९७४ सालच्या कादंबरीवर आधारलेली ‘सेंटेनियल’ ही बारा भागांची मालिका ऑक्टोबर १९७८ ते फेब्रुवारी १९७९ या काळात अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरून प्रक्षेपित झाली. कोलोरॅडोतील साउथ प्लॅट नदीकाठच्या एका काल्पनिक गावाची, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंतची ही कथा आहे. मूलनिवासींवर झालेल्या अन्यायाकडे या मालिकेने डोळेझाक केली नाही, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु अन्यायाचे चित्रण करणे आणि त्या अन्यायाच्या फळांवरील हक्काची चिकित्सा करणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. मालिकेचा आशय पहिली गोष्ट करतो. दुसरीच्या आड तिचे रूपच येते. हे रूप म्हणजे वंशावळ.

रूढ ‘वेस्टर्न’चा नायक बहुधा एकटा, निर्वंश असतो. तो येतो, संघर्ष करतो आणि निघून जातो. जमिनीची मालकी त्याच्या वाट्याला येत नाही. पिढ्यांची कथा मात्र मालकीवाचून उभीच राहू शकत नाही. कारण पिढी म्हणजे काहीतरी हस्तांतरित होण्याची व्यवस्था. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये सीमाप्रदेशाचा सिद्धांत मांडला, तेव्हा १८९०च्या जनगणनेने सीमारेषा संपल्याचे जाहीर केलेले होते. सरहद्द संपल्यानंतर उरतो तो वारसा, आणि ‘सेंटेनियल’ ही त्या वारशाची कथा आहे.

या वारशाचा पहिला दुवा एक स्त्री आहे. फ्रेंच फासेपारधी-व्यापारी पास्किनेल हा अरापाहो योद्धा लेम बीव्हर याच्या कन्येशी, क्ले बास्केटशी, विवाह करतो. लेम बीव्हरच्या बंदुकीच्या गोळ्या सोन्याच्या होत्या, हे ठाऊक झाल्यापासून पास्किनेलला त्या सोन्याच्या उगमाचा ध्यास लागलेला असतो. आप्तसंबंध आणि संपत्तीची लालसा एकाच क्षणी जन्म घेतात, ही मालिकेतील सर्वांत प्रामाणिक जाण म्हणावी लागेल. मात्र पुढे ती क्षीण होत जाते. क्ले बास्केटची कन्या लुसिंडा पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या लेव्ही झेंट या मेनोनाइटाची पत्नी होते आणि झेंटच्या ठाण्याभोवतीच पुढे सेंटेनियल हे गाव वसते. तिचे भाऊ जॅक आणि मार्सेल यांना मात्र या गावात जागा नाही. एक फाशी जातो, दुसरा शरण येत असताना मारला जातो. मूलनिवासी रक्त स्त्रीच्या बाजूने वसाहतकारांच्या कुळात सामावले जाते. पुरुषाच्या बाजूने ते छाटले जाते. ही विभागणी योगायोगाची नव्हे. बहिणीच्या वाटे मिळते ते नाते, आणि भाऊ उरले नाहीत म्हणून प्रतिस्पर्धी दावेदारही उरत नाही.

हत्याकांडाचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या फौजेने शायान आणि अरापाहो यांच्या तळावर हल्ला करून दीडशेहून अधिक माणसे मारली. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध बहुसंख्य होते. मालिकेत चिव्हिंग्टनची जागा कर्नल स्किमरहॉर्न हा धर्मवेडा सेनाधिकारी घेतो. हिंसेचे चित्रण सौम्य केलेले नाही. परंतु सँड क्रीकमागे केवळ एका माणसाचे वेड नव्हते. १८५१च्या फोर्ट लॅरमी कराराने मान्य केलेला विस्तीर्ण प्रदेश १८६१च्या फोर्ट वाइज कराराने आकुंचित केला होता आणि या दोहोंच्या मध्ये सोन्याचा शोध लागला होता. मालिका करारांचा उल्लेख टाळत नाही. तरी पापाचा भार तिने एका व्यक्तीवर ठेवला आहे. पुढे स्किमरहॉर्नचा मुलगा जॉन वडिलांच्या कृत्याचा धिक्कार करतो आणि टेक्सासहून गुरांचे खिल्लार हाकत आणतो. प्रेक्षकाला हा मुलगा प्रिय वाटतो, आणि वाटावा अशीच त्याची घडण आहे. पण ती गुरे ज्या कुरणावर चरणार आहेत, ते मोकळे कोणी केले? पिढ्यांच्या रचनेची किमया अशी की अपराध बापाच्या नावावर राहतो आणि जमीन मुलाच्या पिढीकडे निर्दोष अवस्थेत येते.

हा प्रश्न मालिकेला पडतच नाही असे नाही. तो तिने अन्यत्र हलवला आहे. वेंडेल हे नाटकवाले दांपत्य एका व्यापाऱ्याला फसवते, त्यात त्याचा बळी जातो, प्रेत गुहेत दडवले जाते आणि त्याच्या पैशावर त्या घराण्याची सुबत्ता उभी राहते. प्रेतावर उभारलेली मालमत्ता हे वस्तुतः साऱ्या गावाचेच रूपक आहे. मात्र तो अपराध एका खलघराण्याच्या वाट्याला आल्याने उरलेली घराणी सुटतात. शेवटच्या भागात मॉर्गन वेंडेलसमोर पॉल गॅरेट उभा राहतो. तो व्हेनफर्ड कुरणाचा मालक आहे आणि मिचनर यांच्या कादंबरीत त्याच्या पूर्वजांत अरापाहोही आहेत. जेते आणि जित एकाच देहात नांदू लागले की दावा कोणी कोणावर करायचा? इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे मिथकाचे कार्य होय, असे रोलां बार्थ यांनी म्हटले आहे. येथे ते कार्य रक्ताच्या नात्याकडून करून घेतले आहे.

या रचनेला छेद देणारी एक शक्ती मालिकेत आहे. ती म्हणजे जमीन. रशियातून आलेला जर्मन शेतकरी ब्रुमबॉ नदीचे पाणी पाटाने शेतात खेळवतो तोवर जमीन साथ देते. पुढे १९०९च्या कायद्याने कोरडवाहू मुलखात ३२० एकरांचे दान मिळू लागले आणि गवताळ रान नांगराखाली आले. १९३०च्या दशकातील धुळीच्या वादळांत ग्रीब कुटुंबाचा जो भीषण अंत होतो, त्यात वंशावळ तुटते आणि प्रथमच मालकीचा दाखला निरर्थक ठरतो. पहिल्या भागाचे शीर्षक, ‘केवळ खडकच चिरंजीव’ या अर्थाचे, येथे खऱ्या अर्थाने उमगते.

हे शीर्षक ज्या समाजाच्या जीवनदृष्टीतून घेतले, तो समाज शेवटच्या भागात कथेच्या परिघावर गेलेला आहे. त्याचे वचन राहिले, रक्त राहिले; माणसे राहिली नाहीत. प्रत्यक्षात मात्र ती आहेत. वायोमिंग आणि ओक्लाहोमा येथे अरापाहो समाज आज नांदतो आणि सँड क्रीकची स्मृती जपतो. २००७ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून खुली झाली, त्यात त्यांच्या वंशजांचा वाटा होता. ‘सेंटेनियल’च्या वंशावळीत न बसणारी ही पिढीच त्या वंशावळीची सर्वांत समर्थ समीक्षा होय.