कोल्ह्याला संवाद देऊ नका

(खामगाव येथे बालवाडी आणि पहिलीच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

आज एकाच चित्रपुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि वर्गात त्याचं आपण जे नाटक करतो, त्याबद्दल जरा तक्रारही करायचीय.

पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिकेचं ‘रोझीज वॉक’ १९६८ साली आलं. चित्रंही तिचीच. सबंध पुस्तकात एकच वाक्य, ३२ इंग्रजी शब्दांचं. रोझी कोंबडी फिरायला निघते. तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवायच्या वेळेला घरी येते. बस, एवढंच. पण चित्रांत तिच्या मागे एक कोल्हा आहे. झेप घेतो आणि दर वेळी फसतो. कधी दाताळ्याचा दांडा नाकावर, कधी तळ्यात, कधी अंगावर पीठ. मजकुरात मात्र कोल्ह्याचं नावसुद्धा नाही.

म्हणजे ज्याला वाचता येत नाही, त्याला इथे वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. सहा वर्षांच्या मुलाला असा मान शाळेत किती वेळा मिळतो?

आता तक्रार. एका स्नेहसंमेलनात हेच नाटक पाहिलं. मुखवटे सुरेख, पाठांतर चोख. कोल्हा माइकपाशी येऊन म्हणाला, “आता मी हिला खाणार!” झालं, गोष्ट तिथेच संपली! जे मुलांनी शोधायचं, ते आपण त्यांच्या तोंडी घालून मोकळे झालो. ते नाटक पालकांसाठी होतं, मुलांसाठी नव्हतं.

मग करायचं काय? आधी पुस्तक दाखवत वाचा, कोल्ह्याबद्दल चकार शब्द न काढता. मुलं ओरडतील, ओरडू द्या. मग जागा करा. ओढणी म्हणजे तळं, दोन बाकांमधली फट म्हणजे कुंपण. उरलेली मुलं गंजी होतील, पीठ होतील, मधमाश्या होतील. कुणी नुसतं बघत बसायचं नाही. तुम्ही फक्त ते एक वाक्य मराठीत, सावकाश म्हणा. कोल्हा मुकाच राहील.

मी एका पहिलीत हे केलं, तेव्हा कोंबडी झालेली मुलगी सारखी मागे वळून बघायची. एक पोरगं चिडून म्हणालं, “सर, तिले दिसलाच नाही न तो!” दुसरी म्हणाली, “दिसला, पण ती दाखवत नाही!” मग आम्ही दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. दुसऱ्या वेळी कोंबडीची चालच बदलली. समीक्षक ज्यावर लेख लिहितात, तो प्रश्न या पोरांनी पायांनी सोडवला.

हे काही नवं नाही. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला चौथीचा शिक्षक पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून गोष्टींपासूनच सुरुवात करतो. मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं आहेत, तिथेही लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच. ती वर्गात घ्याल, तेव्हा संवाद लिहायला बसण्याआधी एवढंच विचारा: चित्राला असं काय माहीत आहे, जे मजकूर सांगत नाही? नाटक तिथून सुरू होतं.